पणजोबांच्या पलीकडे: उरण-न्हावा शेवा परिसरातील वंशशोधाचा आढावा

न्हावा शेवा म्हटले की आज बंदरच डोळ्यांसमोर येते. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले आणि न्हावा आणि शेवा या दोन गावांचे जोडनाव जगभरच्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर चढले. त्या गावांतल्या माणसांची नावे मात्र कोणत्या कागदांवर आहेत, हा प्रश्न इथल्या घराघरांत गेली चाळीस-पन्नास वर्षे विचारला जातो आहे. संपादित जमिनीचा मोबदला हवा, जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची, परदेशात वाढलेल्या नातवाला मूळ गाव शोधायचे, की नुसते कुतूहल आहे, कारण कोणतेही असो, शोध येऊन थांबतो तो इंग्रजी अमदानीतल्या एखाद्या पणजोबांपाशी किंवा खापरपणजोबांपाशी. या शोधाची साधने कोणती, त्यांच्याविषयी मतभेद कुठे आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

सत्तांतरे आणि विखुरलेली दप्तरे

या किनाऱ्याच्या वंशशोधातली पहिली अडचण राजकीय भूगोलाची आहे. उरण-करंजा परिसर दीर्घकाळ पोर्तुगिजांच्या वसई प्रांतात होता. १७३७ ते १७३९ या काळातल्या मराठ्यांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजाही घेतले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. खाडीपलीकडचा पनवेलचा मुलूख मात्र १८१८पर्यंत पेशव्यांचा होता आणि अलिबागकडचे आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४०मध्ये खालसा झाले. म्हणजे होडीने तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या तीन गावांत इंग्रजी अंमल तीन वेगवेगळ्या काळांत सुरू झाला. एका गावचा खापरपणजोबा कंपनी सरकारची प्रजा असताना त्याचा व्याही पेशव्यांची किंवा आंग्र्यांची प्रजा असणे सहज शक्य होते.

त्यानंतरचे बदल जिल्ह्यांचे. कुलाबा हा पूर्ण जिल्हा १८६९मध्ये झाला, पण उरणसह पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. ते १८८३मध्ये कुलाब्याला जोडले गेले. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये उरण शोधणारा वाचक म्हणूनच रिकाम्या हाताने परततो. उरणचे मिठागर, दारूच्या भट्ट्या, मोरा बंदर यांचे वर्णन १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. १९८१पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले.

या साऱ्याचा परिणाम असा की एकाच घराण्याचे कागद आज अनेक ठिकाणी विभागलेले असू शकतात. उरणचे तहसील कार्यालय आणि भूमी अभिलेख खाते, अलिबागचा जिल्हा अभिलेख कक्ष, ठाण्याची जुनी दप्तरे, १८२१मध्ये सुरू झालेल्या नोंदकचेरीतून वाढलेले मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर आणि पोर्तुगीज काळासाठी पणजीचे पुराभिलेखागार, इतका हा फैलाव आहे.

कागद कोणते आणि ते काय सांगतात

वंशशोधाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरतात ते महसुली कागद, कारण सरकारला माणसापेक्षा त्याच्या जमिनीचा सारा महत्त्वाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबई इलाख्यात सर्व्हे नंबरवार पैमाश झाली आणि कोणत्या तुकड्यावर कोणाचे नाव हे पहिल्यांदा सलग लिहिले गेले. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि १९१३मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, ही पिढ्या जोडणारी खरी कडी आहे. खातेदार मेला, त्याच्या जागी कोण वारस लागले, त्यांचे त्याच्याशी नाते काय, हे एका फेरफारात चार ओळींत मिळते. सातबारावरून जुन्या फेरफाराचा क्रमांक घ्यायचा, त्या फेरफारातून त्याआधीचा, असे मागे जाता येते. कडई पत्रक, आकारफोड, फाळणी नकाशा यांची मदत त्याला जोडीने होते.

दुसरा गट जन्ममृत्यूच्या नोंदींचा. गाव नमुना चौदा, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, यात जन्माची किंवा मृत्यूची तारीख, बापाचे नाव आणि जात सापडते. जातपडताळणीत या वहीला मोठी किंमत आहे. ती मिळते का, हे मात्र त्या गावच्या दप्तराचे काय झाले यावर अवलंबून असते. तिसरा गट शाळेचा: प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि त्यावरून दिलेला उतारा. यात जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने टाकलेली असते, पण वडिलांचे नाव आणि जात त्या काळच्या गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली असते.

याबाहेरचे कागदही आहेत. मिठागरे आणि अबकारी यांवर सरकारची कडक नजर असल्याने त्या खात्यांच्या पत्रव्यवहारात परवानेदार आणि कामगार येतात. खारभूमीच्या बांधबंदिस्तीचे कागदही पाहण्यासारखे आहेत. फौजदारी खटले हा आणखी एक मार्ग. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. त्यानंतरच्या धरपकडीमुळे या परिसरातल्या अनेक साध्या शेतकऱ्यांची नावे, एरवी कधी गेली नसती, ती पोलीस आणि न्यायालयाच्या कागदांत गेली. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी पुढे हेच कागद शोधले गेले.

सरकारी दप्तराबाहेर आहेत ते नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूचे गाव, जात, आडनाव आणि त्याने सांगितलेली वडील-आजोबा-भावांची नावे तिथे लिहिली जात. सरकारी कागदात क्वचित येणाऱ्या बायकांची नावेही त्यांत कधी आढळतात. ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवह्या हे तुलनेने सलग साधन आहे.

ज्या साधनाची लोक सर्वांत आधी चौकशी करतात, ती शिरगणती, इथे उपयोगी पडत नाही. इंग्लंडमध्ये १९२१च्या खानेसुमारीच्या घरोघरच्या नोंदी २०२२मध्ये खुल्या झाल्या. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र माणसामाणसाच्या नोंदी तक्ते बनवून झाल्यावर जपल्या गेल्या नाहीत. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या जनगणना कायद्यानेही व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत.

नाव, सन आणि लिपी

कागद सापडला म्हणजे पूर्वज सापडला असे नाही. जुन्या नोंदीत आडनाव क्वचितच असते. ‘रामा बिन गोमा’ अशी पुरुषाची आणि ‘भागी कोम रामा’ किंवा ‘भ्रतार रामा’ अशी बाईची ओळख असते. म्हात्रे, पाटील, ठाकूर, घरत, भोईर, कोळी, तांडेल ही आडनावे आज गावेच्या गावे व्यापून आहेत, पण ती कागदावर नियमाने येऊ लागली ती बरीच उशिरा, शाळेच्या आणि हक्कनोंदणीच्या निमित्ताने. काही वेळा दोन सख्ख्या भावांच्या शाखांची आडनावे वेगळी झाली, काही वेळा पाटीलकीच्या कामावरून आडनाव आले. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत. एकाच गावात चार पिढ्यांत तीन गोमा निघतात आणि कोणता गोमा कोणाचा, हे सर्व्हे नंबर, कुलदैवत आणि भावकीची आठवण यांनीच ठरते.

सनाचा घोळ वेगळा. शकात ७८ किंवा ७९, फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. यातला फरक लक्षात न घेतल्यास बाप मुलापेक्षा धाकटा ठरतो. शिवाय इंग्रजी अमदानीत बराच काळ गावपातळीवरचे लेखन मोडीत होत असे. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून गेली आणि ती वाचणारे मोजके उरले. मोडी जाणकाराने केलेले लिप्यंतर आणि त्याचे प्रमाणपत्र हा आता शासकीय कामातलाही नेहमीचा भाग झाला आहे.

वाद पहिला: कागद की आठवण

वंशशोधाविषयी आज मुख्यतः दोन भूमिका दिसतात. पहिली अशी की स्वातंत्र्यापूर्वीचा लेखी पुरावा हाच पाया. त्या काळी आरक्षणाचा लाभ मिळवण्याचा हेतू नसल्याने शाळेच्या मास्तरांनी किंवा कोतवालाने लिहिलेली जात विश्वासार्ह मानावी. दुसरी भूमिका अशी की या कागदांची नजरच महसुली होती. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ती कुळे, मजूर, कातकरी, मासेमार आणि बायका त्यांत आल्या नाहीत, किंवा लिहिणाऱ्याने ढोबळ शब्दाने त्यांना उरकले. त्यामुळे रूढी, देवक, कुलदैवत, सोयरिकीची वर्तुळे आणि तोंडी वंशावळ यांना स्वतंत्र वजन द्यावे.

या वादाला किनाऱ्यावर धार आली ती कोळी समाजामुळे. सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात मोडतात. महादेव कोळी, मल्हार कोळी, ढोर कोळी हे अनुसूचित जमातींत. जुन्या नोंदीत मात्र पुष्कळदा नुसते ‘कोळी’ लिहिलेले असते. त्या एका शब्दाचा अर्थ काय लावायचा यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते. १९९४च्या माधुरी पाटील निकालाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची चौकट घातली आणि आप्तभाव चाचणीला, म्हणजे रूढी-परंपरांवरून जमातीशी नाते तपासण्याला, स्थान मिळाले. २४ मार्च २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे आणि घटनापूर्व कागदांना पुराव्याचे मोठे मूल्य आहे, असे स्पष्ट केले. याने कागदवाल्यांची बाजू बळकट झाली, पण कागदात मोघम शब्द असेल तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

राज्यभर हाच प्रश्न २०२३मध्ये वेगळ्या संदर्भात पुढे आला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जिल्ह्याजिल्ह्यांतली दप्तरे उघडली गेली. ५४ लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. आरक्षणाच्या राजकारणाबद्दल मते काहीही असोत, जुने रजिस्टर हुडकून, मोडी वाचून, पानाची प्रतिमा जतन करण्याचे एवढे मोठे काम राज्यात याआधी क्वचितच झाले असेल. त्याचवेळी एक मर्यादाही दिसली. एका जातीचा शब्द शोधण्यासाठी चाळलेल्या वहीची संपूर्ण सूची होत नाही. शेजारच्या ओळीतला आगरी किंवा कोळी पूर्वज तिथेच राहतो.

वाद दुसरा: मूळ किती मागे न्यायचे

याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएली समाजाचे उदाहरण वंशशोधाच्या टोकाच्या मागणीचे आहे. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा ते सांगतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुटी यांवरून त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, नौगावकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे स्वतःच गावांची यादी आहेत. इंग्रजी अमदानीत पलटणींत गेल्यामुळे त्यांच्यातल्या अनेकांची नोंद लष्करी कागदांत झाली. अलिबागचे सिनेगॉग १८४८चे, पनवेलचे १८४९चे.

इस्राएलला गेल्यावर त्यांच्यापुढे कागद उभा राहिला. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहासाठी आईकडच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. मोठे आंदोलन झाले आणि १९६४मध्ये बेने इस्राएली हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत हे मान्य करण्यात आले. धर्मपीठाचा युक्तिवाद परंपरागत विवाहनियमांच्या आधारावर होता. समाजाचा आक्षेप असा होता की कोकणातल्या खेड्यात जो कागद कोणाजवळच नव्हता, तो फक्त आमच्याकडे का मागता?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलींमध्ये मध्यपूर्वेकडचा ज्यू आणि स्थानिक भारतीय असा दुहेरी वारसा आढळला. परंपरेतला गाभा आणि स्थानिक सोयरिकी, दोन्हींना त्यातून दुजोरा मिळतो. मात्र अशा चाचणीतून समूहाचा प्रवास कळतो, खापरपणजोबांचे नाव कळत नाही. घरबसल्या लाळेच्या नमुन्यावर होणाऱ्या चाचण्यांकडून लोकांची अपेक्षा नेमकी उलटी असते. जातपडताळणीतही पुराव्याचा भर कागद आणि नातेसंबंध यांवरच आहे.

समुद्रापलीकडचे वंशज

आणखी एक गट परदेशातून उलट दिशेने शोध घेणाऱ्यांचा. १८३४पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले; विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे उतरली. त्यांतले मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषक बहुतांशी कोकणातले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि नंतरच्या काळात छायाचित्रही आहे. आपल्याकडच्या कोणत्याही दप्तरापेक्षा एका गरीब माणसाची ही नोंद अधिक भरीव आहे. अडचण उलट्या बाजूची: गावाचे नाव इंग्रजी किंवा फ्रेंच कानाने ऐकून लिहिलेले, आणि पहिल्या मजुराचे नुसते नाव पुढे घराण्याचे आडनाव झालेले. मॉरिशसमधल्या भारतीय वंशीयांना सातव्या पिढीपर्यंत भारताचे परदेशस्थ नागरिकत्व कार्ड देण्याची घोषणा मार्च २०२४मध्ये झाल्यापासून या वह्यांना व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

खलाशांचा माग याहून कठीण आहे. मुंबईच्या मशीद बंदर भागातले १९१४-१९१८चे स्मारक पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत काहींच्या नावापुढे बापाचे नाव आणि गाव मिळते. याउलट या किनाऱ्यावर मीठ, अबकारी किंवा बंदर खात्यात नोकरी केलेल्या इंग्रजांच्या वंशजांचे काम सोपे. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या प्रती लंडनला जात आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत सलग आहेत. एकाच गावात एकाच वर्षी मेलेल्या साहेबाची नोंद दोन ठिकाणी आणि शिपायाची एकाही ठिकाणी नाही, हा वसाहतकालीन दप्तराचा स्वभाव आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न विस्थापनाचा. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १९८४च्या जानेवारीत जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व उभे राहिले. भूखंड मूळ खातेदाराच्या वारसांना मिळायचा असल्याने वंशावळ ही पैशाची बाब झाली. शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठले. कोळीवाड्याचे उरणजवळ झालेले पुनर्वसन वाळवीने घरे पोखरल्यामुळे पुन्हा प्रश्नात सापडले. शेतकऱ्याच्या संपादित जमिनीचा निदान सातबारा असतो. खाडीत मासे मारणाऱ्याचा खाडीवरचा हक्क कोणत्याच उताऱ्यावर नसतो. त्याची वंशावळ वस्तीच्या आठवणीत असते, आणि वस्ती उठली की ती आठवण पांगते.

दुसरा प्रश्न बायकांचा. जुन्या वंशावळीत मुली नाहीत. छापील कुलवृत्तांतांची मराठी परंपरा मोठी आहे, पण ती मुख्यतः लिहित्या वर्गांतल्या घराण्यांची आणि पुरुषवंशाची. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला समान हक्क पक्का केल्यावर वारसनोंदीत आत्या, बहिणी आणि त्यांची मुले येऊ लागली. मोबदल्याच्या भांडणातून का होईना, घराण्याची दुसरी बाजू कागदावर येते आहे. हक्कसोडपत्राने ती पुन्हा पुसली जाते का, हे पाहावे लागेल.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. कोतवाल बुकात जात आहे, काही नोंदींत मृत्यूचे कारण आहे, कुठे अनौरस असल्याचा शेरा आहे. ही पाने सर्वांसाठी खुली करावीत असे संशोधक म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांबद्दल अपमानकारक शब्द वापरले गेले, त्यांचा संकोचही रास्त आहे. चौथा प्रश्न अस्सलपणाचा: पुराव्याला किंमत आली की खाडाखोड आणि मागाहून घातलेले शब्द येतात. मूळ पानाची रंगीत प्रतिमा आणि वहीचा पूर्ण क्रम जपल्याशिवाय अशा फेरफाराचा निवाडा करता येत नाही.

आज कुठे आहोत

एवढ्यावरून काही निष्कर्ष काढता येतात. कागद आणि आठवण यांतले एक निवडण्याची गरज नाही, पण दोहोंतला फरक लिहून ठेवायला हवा. घराण्याच्या वंशावळीत प्रत्येक नावापुढे ते फेरफारातून आले, उपाध्यायांच्या वहीतून आले की आजीच्या सांगण्यातून, हे नमूद असेल तर पुढचा माणूस ते तपासू शकतो. जमीनधारक आगरी घराण्याचा माग पैमाशीपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा पिढ्या, कागदावर नेता येण्याची शक्यता बरी असते. भूमिहीन कोळी किंवा कातकरी कुटुंबाचा माग दोन-तीन पिढ्यांतच आठवणीवर येतो. हा फरक घराण्यांच्या जुनेपणाचा नसून लिहिणाऱ्यांच्या नजरेचा आहे, आणि पडताळणी करणाऱ्या यंत्रणेने तो ध्यानात घ्यायला हवा.

उरण-न्हावा शेवा परिसरासाठी तातडीचे काम दोन प्रकारचे आहे. उरण तालुक्यातल्या आणि अलिबागच्या जुन्या वह्यांची, कोणत्याही एका जातीपुरती नव्हे तर गाववार, पूर्ण सूची व्हावी. आणि न्हावा, शेवा, जसखार, सोनारी, करळ, फुंडे, जासई या गावांतल्या ज्या वृद्धांना भावकी, पाडे, होड्यांचे मालक आणि सासर-माहेरची गावे तोंडपाठ आहेत, त्यांची कथने ग्रामपंचायत, शाळा आणि स्थानिक मंडळांनी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. वहीची सूची पाच वर्षांनी केली तरी चालेल. वृद्धांकडे मात्र याच वर्षी जायला हवे.